गाण्याचा अर्थ सांगणारा शंकरअण्णा

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी शंकरअण्णा स्टेजवर कधी सापडत नसे. आम्ही ऑर्गनच्या वायरी जोडतोय, बोंगोवाला कातडं तापवतोय, माइकवाला ‘हॅलो हॅलो’ करून गाव डोक्यावर घेतोय आणि आमचा निवेदक खाली सतरंजीवर, लोकांमध्ये मांडी घालून बसलेला. हातात शेंगांचा पुडा. शेजारच्याला शेंगा द्यायच्या आणि हळूच विचारायचं, "पाव्हणं, काय करता? पोरंबाळं हायत न्हवं जवळ?" दहा-पंधरा मिनिटांत तो गावाची नाडी पाहून यायचा, कुडत्यावरची टरफलं झटकायचा आणि माइक हातात घ्यायचा. खाली ‘न्हाय’ आणि ‘व्हय’ करणारा माणूस वर चढला की ‘रसिकहो’ म्हणायला लागायचा. मी त्याला समोर नेहमी अहो-जाहो करत असे. आता लिहिताना ते करवत नाही.

हा सगळा काळ सत्तरच्या दशकाच्या शेवटचा आणि त्यानंतरच्या चार-पाच वर्षांचा. बेळगावात तेव्हा गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रा निघाले होते. गणपतीत आणि जत्रांत आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसे. दिवसा मी कॅम्पातल्या एका ऑफिसात टायपिंग करायचो. शंकरअण्णा रिक्षात बसून भोंग्यावरून सिनेमाच्या जाहिराती करायचा. हिंदी गाण्यांवर आमचं पोट होतं, पण प्रत्येक ऑर्केस्ट्रात एक ‘इंग्लिश आयटम’ असावाच लागे. तो नसला तर कमिटीवाले नाराज व्हायचे, आणि असला तर त्यातलं अक्षर कुणाला कळायचं नाही. आमचा इंग्लिश आयटम मी स्वतः लिहिलेला होता. परदेशी रॉक बँडवाले मध्येच एक संथ गाणं म्हणतात, सुरुवातीला एकटी गिटार, एकटा गळा, आणि शेवटी ड्रम, ऑर्गन सगळं अंगावर कोसळतं. त्याला बॅलड म्हणतात हे मला कॅम्पातल्या चर्चमध्ये गिटार शिकवणाऱ्या मास्तरांनी सांगितलं होतं. तसलंच एक गाणं मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत रचलं होतं.

इंग्रजीतच का, तर कुणाला कळू नये म्हणून.

पण लोकांना न कळलेलं गाणं शंकरअण्णाला सहन होत नसे. "परकं गाणं म्हंजे परका पावना," तो म्हणायचा, "वळख करून दिल्याबिगर घरात घ्यायचा न्हाय." मग तो स्वतःच ओळख करून द्यायचा. शहापूरच्या विणकरांसमोर हे गाणं विलायतेतल्या एका विणकराचं झालं. मुलीच्या लग्नाचं लुगडं मागावर अर्धं असताना त्याचे हात थकले होते. सांबऱ्याला, विमानतळाशेजारी, ते परत न आलेल्या वैमानिकाचं झालं. कॅम्पात जवानाच्या बायकोचं. काकती हे एका लढवय्या राणीचं माहेर, तिथं तर त्यानं ते राणीच्याच तोंडी घातलं, आणि म्हातारेकोतारे फेटे सावरून बसले. चिकोडीकडे गेलो की हेच सगळं तो कानडीत सांगायचा, आणि तिकडच्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मागे गिटार गळ्यात अडकवून मी हसू दाबत उभा. दर गावाला माझं गाणं नवीन व्हायचं आणि त्यातलं माझं काहीच बाहेर यायचं नाही. मला यापेक्षा सोयीचा माणूस मिळाला नसता.

एका दुपारी खडेबाजारातल्या हॉटेलात आम्ही चहा पीत बसलो होतो. नागपंचमी होती. रस्त्यावरून माहेरी आलेल्या पोरी बांगड्या भरून हसत-खिदळत चालल्या होत्या, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो होतो. अण्णानं बशी खाली ठेवली.

"दिलीप, एक इचारू? ह्या गाण्याला मी कंचाबी अंगरखा घातला तरी शेवटाला त्यो फाटतोय. चाल लई रागात हाय रं. खरं काय हाय त्यात?"

आणि मी सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. त्याच्यासारखं ऐकणारं कुणी मला तोवर भेटलं नव्हतं, एवढंच खरं.

आमचं घर निपाणीचं. वडील लवकर गेले, आई तंबाखूच्या वखारीत कामाला. मंगलआक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. मला न्हाऊ-जेवू घालणारी तीच. मी दहा-अकरा वर्षांचा असताना बाजारच्या दिवशी तिनं मला भाजीची पिशवी देऊन कापडदुकानाच्या पायरीवर उभं केलं. "हितंच थांब रं, आले मी." दुकानं बंद झाली तरी मी थांबलो होतो. वखारीत माल न्यायला येणाऱ्या एका लॉरीवाल्याबरोबर ती गेली होती. पुढे कुठे गेली, कशी आहे, काही कळलं नाही. आईनं गल्लीत सांगितलं की मंगलला मामाकडे सोलापूरला पाठवली, तिथंच चांगलं स्थळ आलं, घाईत लग्न उरकलं. जावई रेल्वेत आहे. हे सोलापूर आईनं वर्षानुवर्षं सांभाळलं. दर पंचमीला ती मंगलसाठी लुगडं घ्यायची, शेजारणींना दाखवायची आणि म्हणायची, "औंदाबी जमलं न्हाय बघा तिला." मग ते ट्रंकेत जायचं.

गाणं त्या पायरीचं होतं. तू येते म्हणालीस आणि खोटं बोललीस, असं त्यात होतं. शेवटी ड्रम कोसळतात तिथं ओळ होती: आता येऊ नकोस. मी ओळीओळीनं सगळं मराठीत सांगितलं. अण्णाचा चहा निवून गेला.

"शेवटची वळ बरोबर न्हाय रं," तो म्हणाला. "तसं तुझ्या मनात न्हाय."

"अण्णा, माझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. तुम्ही हे कुठं बोलू नका. आईला गल्लीत तोंड दाखवता येणार नाही."

त्यानं गळ्याला हात लावला. "ह्या गळ्यावर जगतो मी. ह्याची शपत." माझा विश्वास बसला. त्यानंतर दोन गणपती त्यानं तोंडातून शब्द काढला नाही. विणकर, वैमानिक, राणी सुखानं नांदत होते.

तिसऱ्या गणपतीत निपाणीच्या आमच्याच गल्लीतल्या मंडळानं आम्हाला बोलावलं. आई नवं लुगडं नेसून पुढे बसली होती. लेकाचा कार्यक्रम ती पहिल्यांदाच बघत होती. आणि कार्यक्रमाआधी शंकरअण्णा शेंगांचा पुडा घेऊन नेमका तिच्याच शेजारी जाऊन बसला. मी वरून पाहत होतो. आई हात हलवून हलवून त्याला काहीतरी सांगत होती. ती सोलापूर सांगत होती, हे मला इतक्या लांबूनही कळलं.

माझ्या गाण्याची वेळ आली. मी सुरुवातीचा तुकडा छेडायला लागलो आणि अण्णा माइकसमोर आला.

"रसिकहो, या गाण्याचा अर्थ मी आजवर गावोगावी खोटा सांगत आलो. आज या गल्लीत मी खोटं बोलणार नाही. हे गाणं लिहिणारा मुलगा तुमचाच. त्याला पायरीवर उभं करून गेलेली त्याची मंगलआक्का सोलापूरला नाही. ती कुठं आहे, कुणालाच ठाऊक नाही. हा भाऊ तिला हाक मारतोय. परत ये म्हणतोय."

माझी बोटं थांबली नाहीत. याचीच मला अजून लाज वाटते. सवयीनं ती वाजवतच राहिली आणि मी गायलोसुद्धा. गल्लीतल्या बायका हुंदके देत होत्या. आई मात्र समोर बघत ताठ बसली होती, दगड होऊन. शेवटी ड्रम कोसळले, मी इंग्रजीत ‘येऊ नकोस’ म्हणून ओरडलो, आणि सगळी गल्ली एका आवाजात ओरडली, "वन्समोअर!"

मी गिटार तिथंच ठेवून खाली उतरलो. तोवर आई घरी गेली होती. दुसऱ्या दिवसापासून तिनं नळावर जाणं सोडलं. कुणी वाईट बोललं नाही, उलट सगळ्याजणी फार गोड बोलायला लागल्या, आणि तेच तिला सोसेना. वर्षानुवर्षं ती उभारत आलेलं घर त्या माणसानं एका गाण्याच्या प्रस्तावनेत पाडलं.

मी बेळगावला येऊन त्याला रिक्षा-स्टँडवर गाठलं. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खोटं बोललो का मी? गावोगाव खोटं बोलत व्हतो तवा तू हसत व्हतास की. तुझी आई शेजारी बसून सोलापूर सांगाय लागली, मला ऐकवंना झालं रं. वाटलं, एकदा भायेर पडू दे, मोकळी हुईल."

"तुम्ही शपथ घेतली होती, अण्णा."

"घेतली व्हती," तो म्हणाला. "पर लोक कसं रडलं बघितलंस न्हवं?"

हे वाक्य मी विसरलेलो नाही. आईच्या काळजीनं त्यानं तोंड उघडलं असेल, नाही असं नाही. पण त्या काळजीत लोकांचं रडणं मिसळलेलं होतं, आणि जास्त काय होतं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मी ऑर्केस्ट्रा सोडला.

गाण्यानं मात्र ऑर्केस्ट्रा सोडला नाही. अण्णानं दुसरा पोरगा उभा केला, त्यानं माझे शब्द ऐकून ऐकून पाठ केले होते. आणि आता विणकर, वैमानिक, राणी सगळे रजेवर गेले. गावोगावी एकच अर्थ चालू झाला: पायरीवरचा भाऊ आणि मंगलआक्का. नावासकट! ऑफिसात कुणी हुक्केरीचा, कुणी गोकाकचा येऊन मला सांगायचा, "तुझं गाणं ऐकलं, लई रडलो बघ." मी टाइपरायटरवर मान खाली घालून बसायचो. आमच्या घरातलं मयत गावोगावी मिरवलं जातंय असं वाटायचं.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. पण शंकरअण्णाचा गळा सत्यावर किती दिवस जगणार! वर्षभरानं एका सकाळी आई बेळगावला माझ्या खोलीवर आली. हातात गाठोडं. चेहरा असा उजळलेला की मी घाबरलो.

"आली म्हणं रं मंगल! वखारीतल्या शेवंतानं हुक्केरीच्या जत्रंत ऐकलं. तुमचा त्यो अण्णा सांगत व्हता, भैन परत आली म्हणून. कुठं हाय ती? मला का न्हाय कळीवलंस?"

गाठोड्यात पंचमीची सगळी लुगडी होती.

आई, तो खोटं बोलतो, असं मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, त्या दिवशी गल्लीत तरी तो खोटं बोलला नव्हता. त्याच दिवशी संकेश्वरला अण्णाच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. मी तिला घेऊन एसटीनं निघालो. मनात एकच होतं, आज त्या माणसाला हिच्यासमोर उभा करायचा आणि त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं.

दुपारची वेळ. मांडव अर्धा बांधलेला. अण्णा वायरीचं भेंडोळं सोडवत होता. आम्हाला बघून उठून उभा राहिला. आईनं सरळ विचारलं, "अण्णा, माझी लेक तुमास्नी कुठं भेटली?"

अण्णानं हातातलं वायरीचं भेंडोळं खाली ठेवलं. मग म्हणाला, "मावशी, भेटली न्हाय. त्ये मी रचलं. लोकं लई उदास हुन घरला जायची, म्हणून... चुकलं माझं."

आई स्टेजच्या कडेला टेकली. गाठोडं मांडीवर. आता ती त्याला काय बोलेल याची मी वाट बघत होतो, आणि खरं सांगतो, मला आतून बरं वाटत होतं.

"आली म्हणून तुमी सांगितल्यावर," तिनं विचारलं, "लोक काय करत्यात?"

"टाळ्या वाजवत्यात."

"तिला शिव्या न्हाय घालत?"

"न्हाय मावशी. कुणीबी न्हाय. डोळं पुसत्यात."

आईनं गाठोड्याची गाठ चाचपली. "मग तसंच सांगत जावा. आली म्हणूनच सांगा. तुमी चार गावं फिरतासा, कुठंतरी तिच्या कानावर जाईल. दार बंद न्हाय म्हणून कळंल तिला."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्यानं हिचं सगळं चव्हाट्यावर मांडलं, त्यालाच ही मुखत्यारी देऊन बसली! मी तोंड उघडणार, तोच ती माझ्याकडे वळली.

"तुझ्या गाण्यातबी त्येच हाय न्हवं रं? परत ये म्हणूनच हाय न्हवं?"

अण्णानं माझ्याकडे पाहिलं. शेवटच्या ओळीचा खरा अर्थ जगात आम्हा दोघांनाच ठाऊक होता.

"व्हय आई," मी म्हणालो. "तसंच हाय."

अण्णानं खाली बसून पुन्हा वायर सोडवायला घेतली.

शंकरअण्णाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मंगलआक्का आली नाही. मी त्याला माफ केलेलं नाही, तिलाही नाही, आणि त्या दुपारी त्याच्या बाजूनं बसलेल्या आईचाही राग कधीतरी उसळून येतोच. शेवटची काही वर्षं तो आईला भेटायला निपाणीला येत असे. दोघं उंबऱ्याशी बसून बोलत, आणि आई त्याला गाण्याचा अर्थ पुन्हा पुन्हा विचारत असे. मी आत असायचो, कान देऊन. दर वेळी तो तिला सगळं गाणं ओळीओळीनं सांगायचा, आणि शेवटच्या ओळीपाशी आला की मी बाहेर ऐकू जाईल असा खाकरायचो. तो न थांबता म्हणायचा, "आन् शेवटाला म्हणतोय, आक्का, परत ये."