मामांच्या डोळ्यांतलं पिवळं

माझे सासरे मेंढ्यांशी जास्त बोलत, माणसांशी कमी. ऊन वर आलं की एकेका मेंढीची पापणी अंगठ्याने खाली ओढून बघत आणि म्हणत, "डोळा खरं बोलतो. बाकी समदं में में."

आम्ही सुना त्यांना मामा म्हणायचो. लग्न होऊन आले तेव्हापासून माझा पदर कपाळापर्यंत आणि नजर खाली. त्यांच्या टाचांच्या भेगा मला पाठ होत्या, डोळे माहीत नव्हते.

मग त्यांना लिव्हरचा कॅन्सर निघाला, फार पसरलेला. कावीळही होती. जालन्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लिव्हर थकलंय, केमो पचणार नाही. कावीळ उतरली तर अर्ध्या डोसने बघू."

माझे मालक चिडले. "अर्धा कामून? खर्चा आमी करून राह्यलो ना बराबर!"

मामा हसले. "येड्या, थकल्या मेंढीला जंताचं औषध पुरं पाजलं, तर जंताआधी मेंढीच जाती."

कावीळ उतरतेय का, हे घरी रोज डोळ्यांत कोण बघणार? मालकांना बघवेना, सासूबाईंना मोतीबिंदू. मामांनी मला हाक मारली. "ये पोरी. मान वर कर. मी मेंढी हाय असं समज."

मी वर पाहिलं.

"कसं पिवळं हाय?"

"तुरीच्या फुलावानी," मी पुटपुटले. मामांशी बोललेला तो माझा पहिला शब्द.

मग रोज सकाळी तेच. ऊन सावकाश अंगणात उतरायचं, मामा बाजेवर बसून तोंड वर करायचे. त्या पिवळ्यात बघता बघता मला वाटायचं, आपण फुललेल्या शेतातून चाललोय आणि पुढे कुठेतरी मेंढ्यांच्या घंटा वाजतायत. हळूहळू रंग फिका झाला. "बेसनावानी," मी सांगितलं, तेव्हा घरात सगळे हसले.

अर्धा डोस एकदाच दिला. नंतर डोळे करडईच्या फुलासारखे गडद केशरी-पिवळे झाले. डॉक्टरीणबाईंनी केमो बंद केली. औषधानंच हाल होतील म्हणाल्या. मामा एवढंच बोलले, "बराबर."

तरी दुसऱ्या सकाळी हाक आलीच. "आज?"

"आज पांढरे हायेत, मामा."

"बिलकुल?"

"बिलकुल."

ते दम लागेपर्यंत हसले. "खोटं बोलाय लागली माझ्यासंग! म्हंजी आता भेत न्हाईस."

पुढं एका सकाळी हाक आली नाही. ऊन बाजेपर्यंत आल्यावर मी आपली जाऊन उभी राहिले. मामांचे डोळे मिटलेले होते. मी प्रथमच त्यांचा सगळा चेहरा पाहिला, खूप वेळ. पदर पुढे ओढायचं मला सुचलंच नाही.