हरणाच्या मागावर पाटणकर

मृत्यू माणसाला त्याच्या खऱ्या उंचीवर नेऊन ठेवतो, असं म्हणतात. सुधीर पाटणकरांना त्याने हरणांचा शिकारी करून ठेवलं, आणि त्या पदवीपासून त्यांच्या बायकोला वाचवताना आमची तारांबळ उडाली.

बातमी ऑफिसच्या फोनवर आली. सौदीतल्या तबूकला आम्ही दोघे एकाच कंपनीत, शेजारच्या इमारतींत. पाटणकर खुर्चीत बसल्या बसल्या गेले. चहा सांगितला होता, तो येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी धावत गेलो तेव्हा कुणीतरी त्यांचा चष्मा काढून टेबलावर नीट घडी करून ठेवला होता... त्या घडीकडे बघून मला पहिल्यांदा खात्री पटली. एरवी पाटणकरांच्या कुठल्याही गोष्टीची खात्री पटायची मला सवय नव्हती, विशेषतः गेल्या हिवाळ्यापासून.

त्या हिवाळ्याच्या जरा आधी त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगसाठी पुण्याला गेला आणि पाटणकरांनी शिकार शिकायला घेतली. इतरांची मुलं गेली की इतर लोक वजन कमी करतात किंवा गाणं शिकतात. यांना इंटरनेटवर कुणा अमेरिकन माणसाचा एक लेख सापडला : सार्वजनिक जमिनीवर हरणाची शिकार कशी सुरू करावी, अगदी नवशिक्यांसाठी. त्याची छापील प्रत घेऊन ते माझ्याकडे आले. मी विचारलं, "इथे सार्वजनिक जमीन कुठली?" तर खिडकीबाहेर हात करून म्हणाले, "ही काय. दिसेल तिथवर." मी म्हटलं, "पाटणकर, इथली सगळी जमीन कुणाची तरी आहे. तो माणूस फक्त दिसत नाही." शिवाय हरीण मारणं इथे गुन्हा. दंड, तुरुंग, आणि आपल्यासारख्याला वरून हद्दपारी. आणि बंदूक? बाहेरच्या माणसाला ती कोण देणार? पाटणकर शांतपणे म्हणाले, "बंदूक लेखात शेवटी येते. मी अजून वाऱ्यावर आहे."

वाऱ्यावर म्हणजे खरंच वाऱ्यावर. हरणाला माणसाचा वास येतो म्हणून त्यांनी साबण सोडला. त्याचे परिणाम हरणांच्या आधी आमच्या विभागाला कळले. वारा कुठून येतो हे बघायला ते मुठीत टाल्कम पावडर घेऊन फुंकायचे. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, वाळवंटातून परत येत तेव्हा भुवया पांढऱ्या असत. झाडावर मचाण बांधा, असं लेखात होतं. इथे झाड म्हणजे एखादी काटेरी बाभूळ, तीही बसू देण्याच्या मनःस्थितीत नसलेली. मग ते गाडीच्या टपावर बसू लागले. अमेरिकेत शिकाऱ्याच्या अंगावर जे जे हिरवं, ते ते सगळं त्यांनी खाकीत शिवून घेतलं. मी हसत होतो, तोपर्यंत ठीक होतं.

मग मटण येऊ लागलं. शुक्रवारी संध्याकाळी पाटणकर स्टीलचा डबा घेऊन दारात उभे. नाशिकच्या काळ्या मसाल्यातलं, गडद रंगाचं, चरबी कमी, चवीला किंचित गोडसर. बोकडाचं नव्हतं, हे पहिल्या घासाला कळलं. "हरीण?" मी विचारलं. पाटणकर म्हणाले, "ओळखा." पुढचे सगळे शुक्रवार ते एवढंच म्हणत राहिले. बाकीचं काम गावातल्या मराठी मंडळींनी केलं. आमच्या मंडळाचे अध्यक्ष देवधर एक हाड चोखून म्हणाले, "शंभर टक्के हरीण. आमच्या काकांचे एक मित्र फॉरेस्टमध्ये होते." एवढ्या पुराव्यावर माणसं फाशी गेली आहेत.

मला मात्र ते मटण घशाखाली जाईना... म्हणजे जायचं, पण संशयासकट. बंदूक नाही, तर मारतं कोण? एकदा मी हट्टाने बरोबर गेलो. उन्हं वर आली होती. दगडी उतारावर पालथे पडून आम्ही दुर्बिणीतून समोरची ओसाड दरी न्याहाळत होतो. पाटणकरांनी वाळूतल्या लेंड्या उचलून बोटांनी चुरल्या आणि कुजबुजले, "ताज्या आहेत." मला त्या शेळीच्या वाटल्या. त्यानंतर कितीतरी वेळ ते हलले नाहीत, बोलले नाहीत. पुढे एका काळ्या तंबूपाशी गाडी थांबवून मला म्हणाले, "तुम्ही गाडीतच बसा." तंबूतून एक म्हातारा बदू, म्हणजे वाळवंटात भटकणाऱ्या टोळ्यांतला माणूस, बाहेर आला, दोघे आत गेले, आणि बऱ्याच वेळाने पाटणकर परतले ते पिशवी घेऊन. पिशवीच्या तळाशी रक्त साचलेलं. "कोण हा?" "अबू सालेम." "शिकारी आहे?" "तुम्हाला काय वाटतं?" म्हणाले आणि गाडी सुरू केली. मला जे वाटलं ते मी घरी बायकोलाही सांगितलं नाही.

म्हणून पाटणकरांच्या घरी शोकसभा भरली तेव्हा मी त्यांच्या बायकोच्या, माधवीवहिनींच्या शेजारीच बसलो. पार्थिव अजून इस्पितळात होतं. पोलिसांचा दाखला, वहिनींचा परतीचा व्हिसा, सगळं कंपनीच्या मंदूबच्या हातात होतं. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं करून आणणारा माणूस. हा सौदी गृहस्थ शोक व्यक्त करायला स्वतः आला होता आणि समोरच बसला होता. वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, "भावजी, देवधरांना आवरा. शिकारीचं काही बोलले तर मी यांना घेऊन नाशिकला कशी जाणार?"

देवधरांना आवरणं त्यांच्या आईलाही जमलं नसावं. ते उभे राहिले. "वाळवंटाच्या छातीवर पाय रोवून हरणाला आव्हान देणारा हा गोदाकाठचा वाघ..." मी खोकलो. त्यांना तो हुंदका वाटला, आवाज आणखी चढला. तरी हे सगळं मराठीत होतं. पण परका पाहुणा समोर दिसला की त्याला वगळायचं नाही, हा आमचा शिष्टाचार. देवधर मंदूबकडे वळून म्हणाले, "ग्रेट हंटर, सर! डिअर! वुई ऑल एट. व्हेरी टेस्टी!"

मंदूबने हातातला कप खाली ठेवला. शेजारी रत्नागिरीचे याकूबभाई होते, बाजारात त्यांचं मसाल्याचं दुकान आहे. त्यांना त्याने अरबीत काहीतरी विचारलं. याकूबभाई घाम पुसत म्हणाले, "इचारतोय, हरीन कुनी मारलान? कुठं? आनि खाल्लंन कुनी कुनी?"

देवधरांना आठवलं की ते शुक्रवारी शाकाहारी असतात. कुणी म्हणालं, आपण फक्त रस्सा घेतला होता. वहिनींनी माझं मनगट धरलं. त्यांची नखं रुतत होती.

आणि दारात अबू सालेम उभा. कुणीतरी त्याला बातमी पोचवली होती. खजुराचं खोकं घेऊन तो सांत्वनाला आला होता. मला वाटलं, संपलं. आता आरोपीही हजर झाला. मंदूबने त्यालाच सरळ विचारलं. म्हातारा ऐकत राहिला, मग बोलू लागला, बराच वेळ. मंदूबच्या मिशा हलायला लागल्या. याकूबभाईंनी तर तोंडावर रुमाल धरला.

"वैनी, तो म्हनतो, कसली शिकार! सुधीरशेठ दर शुक्रवारी यायचे, कावा, म्हंजे यांची कॉफी, प्यायचे. जाताना याच्याकडनं मटन न्यायचे. याच्या उंटाचं."

"उंटाचं?" देवधर म्हणाले.

"कवळ्या उंटाचं. याचा धंदाच तो हाय. आनि उंट खायला इथं बंदी नाय, असं मंदूबसाहेब म्हनतात. कागद उद्याच करून देतो म्हनाले."

वहिनींनी मनगट सोडलं. देवधर बेसिनकडे गेले. वहिनी खाली मान घालून हसू लागल्या, आणि हसता हसता कधी रडू लागल्या ते आम्हाला कळलं नाही... इतके दिवस त्या रडल्या नव्हत्या. मग म्हणाल्या, "मला तर वाटायचं, कुणी बाई असेल. साबण सोडला तेव्हा जरा निर्धास्त झाले." डोळे पुसून त्यांनी अबू सालेमकडे पाहिलं. "याकूबभाई, त्यांना विचारा, तिथे हे दिवसभर करायचे काय?"

म्हाताऱ्याने खांदे उडवले. याकूबभाई म्हणाले, "बसायचे, म्हनतो. बगत बसायचे. पोराची आटवन काडायचे. एकदा यानं इचारलान, तुमी शोधता तरी काय? तर म्हनाले, घरी बसलो तर माजं पडलेलं तोंड बायकोला बगवत नाय."

वहिनींनी उठून अबू सालेमसाठी स्वतः चहा आणला.

पाटणकर नाशिकला पोचले, वहिनीही पोचल्या. त्यांचा फोन येतो. शुक्रवारी संध्याकाळी दार वाजल्यासारखं वाटतं, म्हणतात. मलाही वाटतं. मागच्या शुक्रवारी म्हणून मी त्या उतारावर जाऊन आलो. पालथं पडून दरीकडे बघत राहिलो. किती वेळ, ते मोजलं नाही. मागून अबू सालेम कधी येऊन उभा राहिला, कळलं नाही. मी त्याला खुणांनी आणि मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं, हरणं कुठल्या बाजूने येतात. त्या दरीत शेवटचं हरीण त्याच्या आजोबांनी पाहिलं होतं.