न पुसलेलं रडू

देवळाली कॅम्पच्या चर्चमध्ये ती म्हातारी दर रविवारी शेवटच्या बाकावर बसून रडायची. हुंदका नाही, आवाज नाही. पाणी हनुवटीवरून पदरावर ठिबकायचं, पण ती ते कधीच पुसायची नाही. मला ते बघवेना, चीडही यायची. एकदा न राहवून मी रुमाल पुढे केला.

तिने माझा हात बाजूला सारला. "लेक गेला तवा टिपूस आलं नाय. छातीचा दगड झाला व्हता. लय वर्षं देवाकडं रडू मागितलं, तवा दिलं त्यानं. ते पुसून टाकू?"

गेल्या गुड फ्रायडेला आसपासचे सगळे डोळे टिपत होते. ती मात्र क्रुसाकडे नुसती बघत बसली होती. बाहेर पडताना मी विचारलं, "मावशी, बरं आहे ना?"

"रडू परत नेलं त्यानं," ती म्हणाली, आणि कोरडे गाल पदराने पुसत राहिली.