टाक्याला पाणी आलं

पाण्याच्या बाबतीत माझ्या काकांइतका चौकस माणूस शहापूर-मुरबाडात दुसरा जन्मला नसेल. वाशिंदच्या कारखान्यात पाइप बसवण्यात त्यांची हयात गेली, पण जीव अडकलेला मुरबाडच्या डोंगरातल्या आमच्या वाडीत, कातळात खोदलेल्या जुन्या टाक्यापाशी. कुणाकडेही गेले की ते फरशीवर तांब्याभर पाणी ओततात आणि उतार कुठे जातो ते वाकून बघतात. माझ्यासाठी मुलगी बघायला किन्हवलीला गेलो, तिथेही तेच. पाणी थेट मुलीच्या वडिलांच्या सतरंजीखाली गेलं. "उतार बेस हाय, मानसं पन बेस आसतील," काका म्हणाले. लग्न जमलं, पण सासरे अजून त्या सतरंजीबद्दल बोलतात.

टाकं खोदणाऱ्या पाथरवटांविषयी ते असं सांगतात, जणू ती माणसं कालच कामावरून सुटलीत. पांडवांनी ते एका रात्रीत खोदलं, असं कुणी म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं. "एका रातीत? आमचा संडास बांदायला गवंड्यानं आख्खा उनाला घालवला." पावसाचं पाणी टाक्यात आणणारी दगडातली पन्हळ मातीखाली गाडली गेली, टाकं आटलं आणि पाण्यापायी सारी वाडी उठून वाशिंदला आली. पन्हळ मोकळी झाली की टाकं भरेल आणि माणसं परत येतील, हे काकांचं साधं गणित. सुटीच्या दिवशी ते कुदळ घेऊन निघत. काकू बडबडत डबा भरून देई.

यंदा वैशाखातही टाक्यात पाणी राहिलं. काकांनी सगळ्यांना बोलावलं, आम्ही टेम्पो करून गेलो. पडलेल्या घरांची जोती त्यांनी सारवून ठेवली होती आणि प्रत्येक जोत्यावर एक भरलेला माठ. माणसं आपापल्या जोत्यावर बसली, गार पाणी प्यायली, चूल कुठे होती ते मुलांना दाखवू लागली. म्हाताऱ्या रडल्या. फोटो निघाले. मग ऊन उतरलं आणि कुणाला उद्याची कारखान्यातली पहिली पाळी आठवली, कुणाला पोरांची शिकवणी.

काका टेम्पोपाशी आले. "म्हंजे, कुनीच ऱ्हानार नाय? आरं, पानी हाय ना आता."

माणसं एकेक करून टेम्पोत चढली. टेम्पो निघाला. वळणावरून मी मागे पाहिलं, तर काका एकेक माठ उचलून पाणी पुन्हा टाक्यात ओतत होते. आमच्या जोत्यावरचा तेवढा त्यांनी हलवला नाही.

काकूही तेच बघत होती. "थांबव रे गाडी," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन उतरली.

मलाही उतरावंसं वाटलं. फार वाटलं. मी काकूला हात केला आणि ड्रायव्हरला चल म्हणालो.