आबांचा अभिप्राय

खान्देशात मांडा कुणाला घाबरत असेल, तर तो फक्त आमच्या देवपुरातल्या शेजारच्या आबांना. मांडा म्हणजे आमची चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर भाजलेली, सुपाएवढी पुरणपोळी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की घरोघरी मांडे आणि आमरस. आबा मांडा आधी खात नसत, उजेडाला धरून बघत. पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट! एकदा चाळीसगावला लेकीच्या सासरी भर पंगतीत त्यांनी विचारलं, "विहीनबाई, हाऊ मांडा शे का गोधडी?" पुढे बैलपोळ्यापर्यंत दोन्ही घरांत अबोला होता.

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. अक्कांसारखा मांडा मी दुसरीकडे खाल्ला नाही. पुरण भरलेला उंडा त्या दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत असा खेळवायच्या, की बघणाऱ्यानेच श्वास धरावा. त्यावर आबांचा अभिप्राय ठरलेला, "चाली जाई," म्हणजे चालून जाईल. अक्का म्हणायच्या, "मंग खाऊ नका." आबा मुकाट्याने आणखी एक वाढून घ्यायचे. उभ्या संसारात याहून गोड शब्द त्या माउलीला ऐकायला मिळाला नाही, याचा मला फार राग यायचा.

मग अक्का आजारी पडल्या. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी आबांना बाजूला घेऊन सांगितलं. मी सोबत होतो. "तिले सांगू नको, भाऊ. हाई आखाजी तिले सुखनी जाऊ दे," एवढंच आबा रस्त्यात बोलले. अक्कांना आम्ही 'नुसता अशक्तपणा आहे' असं सांगितलं.

आखाजीला अक्का हट्टाने चुलीपुढे बसल्या. उंडा कोपरापर्यंत पोचेना. मांडा खापरावर पडतानाच फाटला, पुरण जळलं. लेकीने तोंड फिरवलं. आबांनी तो करपलेला मांडा ताटात घेतला, मोठा घास खाल्ला आणि म्हणाले, "आज मांडा एक नंबर शे."

अक्कांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग हळूच म्हणाल्या, "डाक्टरनी तुमले सांगी दिन्हं ना?"

आबांनी खाली बघत पुढचा घास मोडला.

श्रावणात अक्का गेल्या. आता आखाजीला आमच्या घरून आबांना ताट जातं. मुकाट्याने जेवतात, नावं ठेवत नाहीत. यंदा मला राहवलं नाही. विचारलं, "आबा, मांडा कसा झालाय?"

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"माले इचारू नको. मी जनमभरमा एकच डाव चांगलं म्हनं व्हतं, भाऊ."