सुदाम उलटा फिरला ती दुपार

कमलवहिनींचा फोन आला तेव्हा मी दौंडात, स्टेशनासमोर चहा पीत होतो. हॉटेलवाल्यानं रिसीव्हर माझ्या हातात दिला. पलीकडून एवढंच, “भावजी, ह्यांनी पाय टेकलं.” दुसऱ्या कुणाला हे कोडं वाटलं असतं. मला कळलं. सुदाम गेला होता. झोपेत, पहाटे, कुणाला हाक न मारता. उभ्या जन्मात त्यानं गुपचूप केलेली ही एकच गोष्ट.

मी वाढवून सांगतो असं आमच्या खुटबावातले लोक म्हणतात. कांद्याचं, पावसाचं, माझ्या सासुरवाडीचं वाढवून सांगतोही. पण सुदामचं सांगताना मला कमी करून सांगावं लागतं, नाहीतर ऐकणारा उठून जातो. हा माणूस सीझनला पाटसच्या कारखान्यावर कामाला, आणि गळीत संपलं की सायकलीवर. म्हणजे शब्दशः सायकलीवर! गावोगावच्या मैदानात गोल फिरायचं आणि ठरलेल्या दिवसापर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही. जेवण सायकलीवर, अंघोळ सायकलीवर, झोप... ती हँडलवर कोपर टेकून, पायडल चालू ठेवून. त्याची दाढी करताना वस्तरेवाला बाजूनं पळायचा. दाढी संपेपर्यंत वस्तरेवाल्याचीच दाढी वाढलेली असायची. आवाज तर असा, की त्यानं इकडं खाकरलं तर नदीपलीकडची म्हैस मान वर करायची.

न्हावरे गावची कमल त्याला पसंत होती आणि तिलाही हा. अडचण तिच्या वडलांची, कोंडिबामामांची. मामांचा डिझेल इंजिन दुरुस्तीत हात धरणारा कुणी नव्हता, आणि बोलणं इंजिनासारखंच. आधी धूर, मग आवाज. “एका जागी गोल फिरून पोटं भरत्यात व्हय रं?” ते सुदामला म्हणाले. सुदाम थोडाच गप्प बसतोय. “मामा, तुमच्याच गावात फिरून दावतो. जयंतीची मिरवणूक मैदानात येईस्तोवर पाय टेकला तर कमलचं नाव काढणार न्हाई.” मामा म्हणाले, “आन् न्हाई टेकला, तर मी हरकत काढणार न्हाई.” चार माणसांदेखत झालेलं बोलणं. आता माघार नाही.

सायकल एसटीच्या टपावर मावावी म्हणून त्यानं ती पार सुटी केली. चाकं, हँडल, पुढचा चिमटासुद्धा काढून गोणपाटात बांधला. न्हावऱ्याला समाजमंदिरापुढं, गावासमक्ष, परत जोडायला बसला. आता सुदामची खोड अशी, की तोंड चालू असल्याशिवाय हात चालत नसत. सायकलीच्या मानेतल्या, म्हणजे हँडलखालच्या नळीतल्या, वाट्यांत ग्रीस भरलं, छर्रे बसवले, चिमटा सरकवला आणि नेमकं त्याच वेळी बारामतीकडच्या एका वळूची गोष्ट रंगात आली. गोष्ट संपली, टाळ्या पडल्या आणि गड्यानं हँडल ठोकून त्याचा वरचा बोल्ट आवळून सायकलीवर टांग टाकली. मानेवरचा वरचा मोठा नट, जो खालच्या नटाला पकडून ठेवतो, तो नुसता हातानं फिरवलेला तसाच राहिला.

मिरवणुकीच्या आदल्या दिवसापर्यंत सगळं झकास. आणि त्या दिवशी भर दुपारी सायकल बोलायला लागली. टक. खड्डा आला की टक. ब्रेक लावला की टक. मग हँडल डगडगायला लागलं. पोरं ओरडली, “वरचा बोल्ट आवळा!” सुदामनं चालत्या सायकलीवर तो आवळला. टक. पुन्हा आवळला. टक! मी त्याचा सोबती, बाजूनं पळत होतो. त्याचा चेहरा मी पहिल्यांदा गंभीर पाहिला. त्यानं वेग कमी करून पुढचा ब्रेक हळूच दाबला, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा चिमटा जिथं सांगाड्यात शिरतो त्या सांध्यावर ठेवला. “तात्या,” तो मला म्हणाला, “हँडल घट्ट हाय. मान ढिली हाय. मोठा स्क्रू पाना लागंल. न्हाईतर उद्यापत्तुर चिमटाच माझ्या हातात यील.”

एवढा मोठा पाना गावात एकाकडंच. कोंडिबामामांकडं. ते मैदानाच्या कडेला, पेटीवर बसून, मिशीआड समाधानानं सगळं बघत होते. कमल त्यांच्या शेजारी उभी, पदर दातात. मी मामांकडं पाहिलं, मामांनी आभाळाकडं पाहिलं. सायकल आणखी एकदा डगडगली. सुदामचा पाय जमिनीपासून चार बोटांवर आला आणि परत वर गेला. सगळं मैदान श्वास रोखून. कमल नुसती बापाकडं बघत राहिली. आणि मामा उठले! पेटी उघडली, पाना काढला आणि धोतराचा सोगा धरून, त्या वयात, सायकलीमागं पळाले. “घे! फिरून पडलास तर पड, पर कोंडिबानं पाना दिला न्हाई म्हून पडला, असं गावानं म्हणाय नको!”

पण चालत्या सायकलीवर एवढा नट आवळायचा कसा? पान्याला जोर लावला की हँडल पान्याबरोबर फिरणार आणि सायकल आडवी होणार. सुदामनं काय करावं? आधी खालचा नट बोटांनी फिरवत नेला, हलणं थांबेल पण वळणं अडणार नाही इतपतच. मग वरच्या नटाला पाना लावला, त्याचं शेपूट उजव्या मांडीशी दाबून धरलं... आणि इतके दिवस उजवीकडून गोल फिरणारा गडी एकाएकी डावीकडं, उलटा फिरायला लागला! लोकांना वाटलं, गेला, घेरी आली. मामांच्या मात्र ध्यानात आलं. ते मैदानाच्या मधोमध थांबले, तोंड उघडं. “आरं... त्यो नट फिरवंना. नट जागेवर धरलाय, आन् सायकलच फिरवतोय त्याच्याभवती!” पाना स्थिर, हँडल डावीकडं, जरा सरळ, पाना मागं घेऊन पुन्हा डावीकडं. एकेका वळणाला नट केसभर आवळत होता. मी आजवर खूप थापा मारल्या, पण ही मला सुचली नसती. सूर्यसुद्धा त्या दिवशी मावळायचा जरा थांबला होता, असं माझं प्रामाणिक मत आहे.

सुदामनं ब्रेक दाबला. अंगठा सांध्यावर. सगळं मैदान कान देऊन... काही नाही. टक नाही.

दुसऱ्या दिवशी हलगी वाजवत, निळे झेंडे नाचवत मिरवणूक मैदानात आली तरी हा फिरतोच आहे. लोक ओरडताहेत, उतर, उतर! शेवटी कोंडिबामामा पुढं झाले, सायकलीचं हँडल धरलं, म्हणाले, “टेका आता पाय, जावईबापू.” अरे-तुरे तिथंच संपलं. सुदाम पाना परत द्यायला गेला तर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. पोरगी दिली तिथं पान्याचं काय घिऊन बसलाय.”

परवा खुटबावला गेलो होतो. सुदामच्या पडवीत सायकल भिंतीला टेकलेली, शेजारी खिळ्याला तो पाना. मी गेलो, पुढचा ब्रेक दाबला, अंगठा सांध्यावर ठेवला आणि सायकल पुढंमागं हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिलो. वाटत होतं, एकदा वाजावं. टक व्हावं, आतून तो ओरडत यावा, वळूची गोष्ट अर्धी टाकून...

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. “किती हलवाल, भावजी? न्हाई वाजायची ती.”

मी ब्रेक सोडला. हँडल आपलं आपण, अलगद, डावीकडं वळलं.