एका जागेवरचे दोन भाऊ

अहेरीजवळच्या एका आरागिरणीत मी लेबर बाबू होतो. पन्नासच्या दशकातली गोष्ट. नेमणुकीच्या कागदावर पदाचं नाव वेगळं होतं. ते कोणी वापरलं नाही. माणसं कामावर घेणं, सकाळी फाटकावर हजेरी पुकारणं, रजा देणं, तापानं फणफणलेल्याला दवाखान्यात पोचवणं, चाळीतल्या खोल्या वाटणं, विहिरीवरची भांडणं मिटवणं आणि साहेबांनी सांगितलं की एखाद्याला काढून टाकल्याचा हुकूम लिहिणं, हे सगळं एकाच टेबलावर चाले. कामगार मला साहेबांचा माणूस समजत. साहेब मला कामगारांचा समजत.

करवतीपुढे सागाचे ओंडके सरकवणाऱ्यांत जंगलातल्या गावचा एक माडिया आदिवासी होता. अबोल, कामाला चोख. त्याची जागा कायम झालेली होती. गावाकडे घरचं थोडं धान होई, पण पावसाळ्याच्या तोंडी घर चाले ते या जागेवर.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो माझ्या खिडकीशी आला. मागे त्याच्याच चेहऱ्यामोहऱ्याचा दुसरा उभा होता. साहेब त्या वेळी माझ्या टेबलाशी चहा घेत होते.

"बाबू, गावात पंडुम आहे. दोघायले सुट्टी पाहिजे."

पंडुम म्हणजे नव्या फळाची पूजा. ती होईपर्यंत गावात कोणी नवा आंबा तोंडात घालत नाही, आणि त्या दिवशी घरचं प्रत्येक माणूस घरी लागतं.

"तुला देतो," मी म्हणालो. "पण हा कोण?"

"लहान भाऊ."

"तो कुठं कामाला आहे?"

"इथीच. मी वावरात असलो का तो येते. तो वावरात असला का मी येतो."

साहेबांनी कप खाली ठेवला. हजेरीला एक नाव आणि कामाला दोन माणसं, हे गेल्या पावसाळ्याआधीपासून चालू होतं. लपवण्यासारखं काही आहे हे दोघांच्याही मनात आलेलं नव्हतं. जागा घराला मिळाली, असा त्यांचा समज होता. गावात सगळी कामं तशीच होत; ज्या घराची पाळी, त्या घरचं कोणीतरी जाई. आजवर दोघांना एकाच दिवशी सुट्टी लागली नव्हती, म्हणून दोघं एकदम खिडकीशी आले नव्हते.

"ही तोतयेगिरी आहे," साहेब म्हणाले. "संध्याकाळपर्यंत काढल्याचा हुकूम करा."

करवतीवरच्या मिस्त्रीला बोलावलं. तो नागपूरचा, तोंडानं सैल.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मले मालूम होतं ना. लहान्याच्या कानाले भोक आहे, मोठ्याच्या नाई. ओंडका सरळ येते, मंग मी कान कायले पाहू?"

"हजेरी मी घेत होतो," मी म्हणालो.

"तं तुमी पाहाचं होतं कान, बाबूजी."

साहेब हसले नाहीत. त्यांचा मुद्दा खरा होता आणि तो त्यांनी शांतपणे मांडला. करवतीत माणूस सापडला तर वर कळवायचं कोणाचं नाव? कागदावरचा माणूस वावरात धडधाकट, आणि इथे जो पडला तो कागदावर कुठेच नाही. मी तोच प्रश्न मोठ्या भावाला विचारला.

"तुझा भाऊ मशीनीत सापडला तर?"

त्याला प्रश्न विचित्र वाटला असावा.

"तं आमच्याच घरचा सापडला," तो म्हणाला.

धाकटा तेवढ्यात पहिल्यांदा बोलला. "काऊन विचारून राह्यले? कोनी सापडला का?"

मिस्त्री म्हणाला, "नाई बे. तुमी दोघंच सापडले."

दोघांना बाहेर बसवून मी साहेबांना सांगितलं, नागपूरच्या कापडगिरण्यांत बदली कामगार असतात. कायम माणूस आला नाही की त्याच्या जागी नोंदवलेला दुसरा येतो, स्वतःच्या नावावर. धाकट्याला तसं नोंदवून घेऊ. जागा एकच राहील, आणि करवतीपुढे कोण उभा आहे ते आपल्याला रोज ठाऊक असेल. साहेबांनी मिस्त्रीकडे पाहिलं. ओंडका कोणाच्या हातचा जास्त सरळ येतो, त्यांनी विचारलं. "दोघायचा सारखाच," मिस्त्री म्हणाला.

हुकूम लिहिला गेला नाही. साहेबांची अट एकच होती. प्रत्येकाला वेगळा पितळी बिल्ला, आणि ज्याचा बिल्ला त्याच्याच गळ्यात. पुन्हा अदलाबदल दिसली तर जागा गेली. बिल्ले हातात देताना मी ते दोघांना दोनदा समजावलं. दोघांनी "हव" म्हटलं आणि ते पंडुमला गेले.

परत आल्यावर पहिल्या सकाळी फाटकावर धाकटा आला. साहेब नेमके तिथे उभे होते. मी मोठ्याचं नाव पुकारलं. कोणी ओ दिली नाही. मग धाकट्याचं पुकारलं. तो गप्प. त्या नावानं फाटकावर त्याला आजवर कोणी हाक मारली नव्हती.

"अबे, तुलेच बलावून राह्यले," मिस्त्री मागून म्हणाला.

"हव," तो म्हणाला आणि पुढे आला. गळ्यात एका दोरीला दोन्ही बिल्ले होते.

"मोठ्याचा कशाला आणलास?"

"घरी ठेवून काय करू? काम तं इथी आहे."

मी साहेबांकडे पाहिलं. ते ओंडक्यांच्या ढिगाकडे पाहत होते आणि बराच वेळ तिकडेच पाहत राहिले. मी दोरी सोडली, मोठ्याचा बिल्ला काढून घेतला आणि धाकट्याचा त्याच्या गळ्यात परत बांधला. तो करवतीकडे गेला. काढलेला बिल्ला मी टेबलाच्या खणात ठेवला. नंतर दोन्ही बिल्ले तिथेच राहू लागले. ज्या दिवशी जो भाऊ येई, तो खिडकीशी थांबून आपला बिल्ला मागून घेई आणि जाताना परत देई.